बंद घरातला मृत्यू आणि परत परत येणारा वास: साफसफाई नेमकी कुठून सुरू करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत मामा एकटे राहायचे. मे महिन्यात झोपेतच गेले आणि चार-पाच दिवसांनी शेजाऱ्यांच्या लक्षात आलं. पंचनामा, शवविच्छेदन, अंत्यविधी सगळं झालं. गादी वॉचमनला सांगून टाकून दिली, फरशी दोनदा बादल्या ओतून फिनाइलने धुतली, पेस्ट कंट्रोलवाल्याने एक रात्र ओझोनचं मशीन लावलं. दोन दिवस बरं वाटलं, पण आता दुपार झाली की वास पुन्हा येतो. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, त्यांच्या छताला पिवळट डाग पडलाय. घर पुढे भाड्याने द्यायचंय. आता काय करायचं?

खालच्यांच्या छताचा डाग हेच निदान आहे. तुमचा वास हवेत उरलेला नाही, तो लादीखाली बसलाय. त्यामुळे हवेवर केलेला कुठलाही उपाय, मग तो धूप असो की पन्नास हजारांचं मशीन, दोन दिवसांपुरताच.

झालं काय असेल ते सांगतो. मुंबईचा मे म्हणजे बंद फ्लॅटमध्ये उकाडा आणि दमटपणा दोन्ही. अशा घरात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच देह फुगतो आणि त्यानंतर द्राव बाहेर पडू लागतो. तो गादीतून खाली उतरतो, बॉक्स बेडच्या प्लायमध्ये मुरतो, तिथून लादीवर येतो आणि लादीच्या सांध्यांतून खालच्या रेती-सिमेंटच्या थरात जातो. आपल्याकडे हा थर साधारण दीड-दोन इंचांचा. बिगाऱ्याने कमी सिमेंटमध्ये कालवलेला असतो, त्यामुळे पोकळ आणि पाणी पिणारा. द्राव तिथे आडवा पसरतो. वर वीतभर दिसणारा डाग खाली हातभर असणं हे नेहमीचंच. त्यावर तुम्ही बादल्या ओतल्यात. त्या पाण्याने उरलंसुरलं सांध्यांतून आत ढकललं आणि स्लॅबची बारीक भेग किंवा पंख्याच्या वायरचा पाइप सापडल्यावर ते खालच्यांच्या छताला उतरलं. अशा घरात पहिल्याच दिवशी बादलीने फरशी धुणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. द्राव आधी टिपून घ्यायचा असतो, वाहवायचा नसतो.

दुपारीच वास का, तर तापमान वाढलं की थरात अडकलेली संयुगं हवेत सुटतात. आणि ती एका जातीची नसतात. प्युट्रेसिन, कॅडाव्हरिन ही अमाइन्स क्षारधर्मी, ब्युटिरिक आम्ल नावाप्रमाणे आम्लधर्मी, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनथायॉल ही गंधकाची, शिवाय इंडोल, स्कॅटोल. सायट्रिक आम्लाने अमाइन्स मरतात पण ब्युटिरिक तसंच राहतं, सोड्याने उलट होतं. ओझोन गंधकाच्या संयुगांवर चांगला चालतो, पण ब्युटिरिकसारख्या आम्लांवर त्याचा प्रभाव फारच संथ. म्हणून ‘वास बदलला पण गेला नाही’ अशी तक्रार येते. काळं फिनाइल यातलं काहीच मारत नाही, उलट स्वतःचा वास मोझॅकच्या लादीत मुरवून ठेवतं आणि नंतर नेमका वास कुठून येतोय हे हुंगणं अवघड करतं. आजपासून घरात फिनाइल, रूम फ्रेशनर, उदबत्ती पूर्ण बंद.

फोडाफोडीआधी दोन फुकटच्या तपासण्या

पहिली, नहाणी ट्रॅप. घर काही आठवडे बंद राहिलं की बाथरूम, मोरी आणि बाल्कनीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटाराचा वायू थेट घरात येतो. हा वासही सडकाच, त्यामुळे लोक त्यालाच ‘तोच वास’ समजतात. प्रत्येक जाळीत आणि वॉशबेसिनमध्ये एक-एक तांब्या पाणी ओता, कमोड एकदा फ्लश करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहा.

दुसरी, एसी. त्या दिवसांत एसी चालू होता का? असेल तर आतल्या युनिटच्या कॉइलवर, ब्लोअरवर आणि पाण्याच्या ट्रेमध्ये वास बसलेला असणार. एसी लावल्यावरच वास येत असेल तर फक्त फिल्टर धुऊन भागत नाही, युनिट उतरवून ब्लोअर काढून धुवावा लागतो. काम संपेपर्यंत तो लावूच नका.

दोन्ही तपासण्यांनंतरही बेडच्या जागेजवळ गुडघ्यावर बसल्यावर वास वाढत असेल, तर लादी उघडण्याला पर्याय नाही. खात्रीसाठी एक साधी चाचणी आहे: बेडच्या जागेच्या सांध्यातला थोडा चुरा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचा थोडा चुरा, असे दोन काचेच्या स्वच्छ बरण्यांत घालून घट्ट झाकण लावा, दोन तास खिडकीत उन्हात ठेवा आणि मग एकेक उघडून हुंगा. फरक इतका स्पष्ट असतो की सोसायटीच्या कमिटीला समजावत बसावं लागत नाही.

कागदपत्रं आणि परवानग्या

तुमच्याकडे पोलिसांचं काम झालंय, तरी ज्यांच्याकडे अजून व्हायचंय त्यांच्यासाठी: एकट्या माणसाचा असा मृत्यू पोलीस अपमृत्यू म्हणून नोंदवतात. याची चौकशी पूर्वी सीआरपीसीच्या कलम १७४ खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचनामा संपून पोलीस ‘आता साफ करा’ म्हणेपर्यंत घरात झाडूही मारायचा नाही. कीटकनाशकही फवारायचं नाही, कारण अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूची वेळ काढता येते. दाराला सील असेल तर ते तोडण्याचा अधिकार तुम्हाला नाही, सोसायटीलाही नाही.

लादी फोडायची तर सोसायटीला लेखी कळवा आणि आवाजाच्या कामाची वेळ विचारून घ्या. खालच्यांना आधीच भेटा. त्यांच्या छताच्या डागाचे तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि तो डाग पंख्याच्या हुकाजवळ असेल तर त्या पंख्याचा एमसीबी आजच पाडायला सांगा. डेब्रिजसाठी, म्हणजे फोडाफोडीच्या राड्यारोड्यासाठी, महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. पण दूषित थर त्यात मिसळायचा नाही. त्याबद्दल पुढे.

कपाटं उघडताना वारसांपैकी एक आणि सोसायटीचा एक माणूस हजर हवा आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ. बॉक्स बेडच्या पोटात आपल्याकडे सगळं असतं: शेअर सर्टिफिकेट, एफडीच्या पावत्या, जुन्या साड्या, दागिन्यांची डबी, कधी कधी रोख. गादीसोबत तेही फेकलं जाण्याचे प्रकार होतात, म्हणून गादी हलवण्याआधी बेडचा कप्पा रिकामा करायचा. डागाळलेल्या नोटा फेकू नका. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट रिफंड नियमांनुसार खराब आणि फाटलेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. त्या पाकिटात वेगळ्या घालून, वर काय आहे ते लिहून न्या.

काम करणाऱ्याची सुरक्षा

लोकांना वाटतं तसा या वासाने रोग होत नाही. नैसर्गिक कारणाने गेलेल्या माणसाच्या देहातून इमारतीत साथ पसरत नाही, हे शेजाऱ्यांना शांतपणे सांगायला हवं. खरा धोका हात घालणाऱ्याला असतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. आणि वयस्क माणसाच्या अंथरुणात इन्सुलिनच्या सुया सापडणं मुंबईत अगदी रोजचं आहे, म्हणून चादर कधी हाताने चाचपायची नाही, चार कोपऱ्यांतून आत दुमडत गुंडाळायची. सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितक्या लवकर तितकी चांगली.

नियमित हे काम करणाऱ्यांनी हिपॅटायटिस बीची लस घेतलेली हवी, ०, १ आणि ६ महिने अशा तीन मात्रा. कंपनी बोलवाल तेव्हा हे विचारा. उत्तर देताना अडखळले तर समजून जा.

एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. इथे अर्ध्या चेहऱ्याचा रबरी रेस्पिरेटर लागतो, वायू शोषणारं एबीईके प्रकारचं कार्ट्रिज आणि वर बारीक कण अडवणारा पी-३ फिल्टर. मास्कच्या आत वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं. हातात दोन जोड: आत नायट्राइल, वर कोपरापर्यंतचे जाड रबरी. गमबूट, अंगभर सूट, चष्मा. मुंबईच्या उकाड्यात त्या सुटात अर्धा-पाऊण तासाच्या वर कुणाला ठेवायचं नाही, मग बाहेर येऊन पाणी. चक्कर येऊन माणूस त्याच लादीवर पडण्यापेक्षा पाळ्या लावलेल्या बऱ्या.

हवेचा प्रवाह आधी ठरवा. खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावायचा, मुख्य दार बंद आणि फटीतून हवा आत. म्हणजे वास पॅसेजमध्ये न जाता बाहेर जातो. छताचा पंखा बंद. मात्र खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडत असेल तर वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूममध्ये वास जाईल. अशा वेळी रस्त्याकडची खिडकी निवडा किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर असलेला ब्लोअर मागवा. चाळीत सामायिक गॅलरीकडे पंखा लावला तर काम पहिल्या तासात बंद पाडलं जाईल, आणि बरोबरच आहे.

कचरा

टाकलेल्या गादीबद्दल थोडं कठोर बोलतो. ती कचऱ्याच्या गाडीत किंवा भंगारवाल्याकडे गेली असेल तर कुणीतरी उघड्या हाताने ती उसवली असणार. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मुख्यतः रुग्णालयांसाठी आहेत, पण त्यांतही रक्त किंवा शरीरद्रव लागलेली गादी-चादर पिवळ्या पिशवीत, जाळण्यासाठी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. घरातल्यासाठीही तोच निकष धरा. प्लाय, थराचा दूषित चुरा, कपडे, पुसलेली फडकी, वापरलेले सूट, सगळं दुहेरी जाड पिशवीत. एका पिशवीत दहा-बारा किलोच्या वर नको, जिन्यात फाटते. तोंड पिळून, दुमडून, मग टेप. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या यंत्रणेकडे ते जाणार का, आणि पावती मिळणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. जुन्या इमारतीच्या अरुंद जिन्यातून पलंग उतरत नाही, तिथे प्लाय खोलीतच कापावा लागतो. कापण्याआधी त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा म्हणजे धूळ उडत नाही.

बॉक्स बेडचा प्लाय वाचवता येईल का? नाही. सनमायका वरून स्वच्छ दिसतो, पण आतल्या उघड्या कडा स्पंजासारखं ओढतात. बेड नवा घ्या.

लादी उघडणं

हाच कामाचा गाभा. बाकी सगळं बरोबर करून इथे कंजुषी केली की तीन महिन्यांनी पुन्हा फोन येतो.

आधी त्या खोलीची वीज मेन बोर्डवरून बंद, ग्राइंडरसाठी दुसऱ्या खोलीतून ईएलसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेली लाइन. बेडच्या जागेचं स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची लादीची पट्टी, काढा, कारण द्राव भिंतीला लागला की स्कर्टिंगच्या मागे चढतो. मग मधून नाही, डागाच्या बाहेरच्या कडेपासून एक लादी उचला. खालचा थर हातात घ्या. कोरडा, राखाडी आणि बिनवासाचा असेल तर आतल्या बाजूला सरका. ओलसर, गडद किंवा वास असेल तर बाहेरच्या बाजूला. अशी हद्द चारही बाजूंनी सापडली की तिच्याबाहेर आणखी एक ओळ काढायची. ही ज्यादा ओळ काढायला कडिया (गवंडी) नेहमी कुरकुरतो, ‘साहेब, इधर तो कुछ नहीं है’ म्हणतो. काढून घ्या. थर पूर्ण, स्लॅब दिसेपर्यंत खरवडायचा. अर्धा ठेवून वर नवा माल टाकला तर नव्या सिमेंटच्या ओलीने जुना वास जागा होतो.

जुन्या चाळींमध्ये लाकडी तुळया आणि फळ्यांवर थर असतो. तिथे हे काम निराळं आहे, कारण तुळईच मुरलेली असू शकते. इंजिनिअरने पाहिल्याशिवाय एकही फळी कापू नका. मृत्यू बाथरूममध्ये झाला असेल तर द्राव खाली विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात गेलेला असतो आणि तो कोबा वॉटरप्रूफिंगसकट उखडावा लागतो. तिथे खर्च दुप्पट-तिप्पट होतो, त्याला इलाज नाही.

स्लॅब मोकळा झाला की क्रम महत्त्वाचा: आधी एन्झाइम, नंतर जंतुनाशक. उलट केलं तर क्लोरीन एन्झाइमलाच मारतं आणि दोन्हींचे पैसे वाया. प्रोटीझ आणि लायपेझ दोन्ही असलेलं एन्झाइम क्लीनर घ्या, कारण प्रथिनं आणि चरबी दोन्ही तोडायची आहेत. कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आसपास. उकळतं पाणी एन्झाइम निकामी करतं. स्लॅबवर भरपूर लावा, तारेच्या ब्रशने घासा आणि वर प्लॅस्टिक अंथरून सहा ते बारा तास ओलं ठेवा. एन्झाइम सुकलं की काम थांबतं; अर्ध्या तासात पुसून घेणारे लोक नुसतं सुगंधी पाणी वापरून जातात. ओल वाहू द्यायची नाही, कडेला फडक्यांची वळी लावा आणि वेट व्हॅक्यूमने ओढून घ्या. एकदा करून बरणीची चाचणी घ्या. वास असेल तर दुसरा हात.

मग सोडियम हायपोक्लोराइट (हायपो), १ टक्का. बाजारातला कॅन १० टक्क्यांचा असेल तर एक भाग त्याचा, नऊ भाग पाणी. म्हणजे पाच लिटरला अर्धा लिटर. ५ टक्क्यांचा असेल तर एकास चार. पण लेबलवरचा आकडा बनवल्या दिवसाचा असतो. गोदामात उन्हाळाभर पडलेला कॅन अर्धामेला असतो, म्हणून ताज्या तारखेचा घ्या, द्रावण रोजच्या रोज बनवा. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. घाणीवर थेट हायपो ओतून उपयोग नाही, सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतू शाबूत राहतात.

आणि हे जाड अक्षरात लिहून दारावर लावण्यासारखं: हायपोबरोबर ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाचा काच-क्लीनरही नाही. लादीवरचा सिमेंटचा डाग काढायला कडिया सवयीने ॲसिड आणतो. त्याची बाटली घराबाहेर ठेवायला लावा. लोखंडी कपाट आणि ग्रिलवर हायपो नको, गंजतं. लाकडी चौकटीवर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाण पाण्यात घालून वापरा.

आता सुकवणं, आणि इथेच सगळ्यांची घाई होते. पावसाळा नसेल तर पंखे लावून चार-पाच दिवस, जुलै-ऑगस्टमध्ये डीह्युमिडिफायर लावूनही आठवडाभर धरा. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने स्लॅबवर चिकटवा, एक दिवस ठेवा. खाली पाण्याचे थेंब किंवा गडद डाग दिसला तर स्लॅब ओलाच आहे. ओल्या स्लॅबवर इपॉक्सी लावलं तर फुगे येतात, फुटतात आणि त्या फटीतून वास परत येतो. कोरडा झाल्यावर दोन घटकांच्या इपॉक्सी सीलरचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीलगत चार इंच वर चढवायचा. पूर्ण कडक व्हायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, मगच नवा माल आणि लादी.

भिंती, सामान आणि उरलेली हवा

स्कर्टिंगच्या वरच्या भिंतींत द्राव नसतो, फक्त बाष्प बसलेलं असतं. प्लॅस्टिक पेंट असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने खालून वर पुसून, साध्या पाण्याने पुसून घेतलं की बरंच भागतं. डिस्टेंपर मात्र खडूसारखा सच्छिद्र, तो पत्र्याने खरवडून काढावाच लागतो. स्कर्टिंगमागचा गिलावा मऊ झाला असेल तर फूटभर उंचीपर्यंत छिन्नीने टाचून काढा. नव्या रंगाआधी वास अडवणारा प्रायमर हवा. लाखेचा प्रायमर सर्वांत चांगला. तयार मिळाला नाही तर फ्रेंच पॉलिशवाल्याकडची चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून छोट्या भागावर वापरता येते. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे त्या दिवशी घरात दिवा नाही. आपल्यात गेलेल्या माणसाच्या जागी दहा दिवस पिठावर दिवा ठेवतात. तो दुसऱ्या खोलीत ठेवायला गुरुजीही हरकत घेत नाहीत.

पंख्याची पाती, ट्यूबची पट्टी, स्विचबोर्डच्या मागची धूळ, पडदे, मच्छरदाणी, खिडकीच्या सरकत्या चॅनलमधला मळ: वास इथे लपतो. बंद लोखंडी कपाटातले कपडे बहुधा वाचतात, ६० अंशांवर ऑक्सिजन ब्लीच घालून दोनदा धुवा. स्टीलची भांडी घासून उकळा. कापसाच्या गाद्या, उशा, फोमचा सोफा त्याच खोलीत असतील तर सोडून द्या. कागदपत्रं, फोटो घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला कापडात बांधलेला ॲक्टिव्हेटेड कोळसा, दोन-तीन आठवडे; त्याआधी प्रत्येकाचा स्कॅन.

माश्यांचं वेगळं. अळ्या मोठ्या झाल्या की देहापासून लांब सरकतात आणि अंधाऱ्या फटीत कोष करतात: स्कर्टिंगखाली, कपाटामागे, पायपुसण्याखाली. तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढे. सफाईनंतर आठवड्याने अचानक मोठ्या निळसर माश्या दिसल्या तर घाबरू नका, राहून गेलेल्या कोषांतून त्या निघतात. कोष हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने ओढा. नुसत्या फवाऱ्याने कोष मरत नाहीत.

इतकं झाल्यावर ओझोन. आत्तापर्यंत नाही. दहा बाय बाराच्या खोलीला ताशी ५ ते १० ग्रॅमचं मशीन पुरतं, दोन ते चार तास, मग तासभर बंद, मग किमान दोन तास सगळ्या खिडक्या उघड्या. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कामाच्या जागी ओझोनची मर्यादा ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) मानतात आणि मशीन चालू असताना खोलीत त्याच्या कित्येक पट असतो. म्हणून माणूस, पोपट, मासे, कुंड्या सगळं बाहेर, आणि दाराच्या फटी टेपने बंद, कारण शेजारच्या घरात दम्याचं माणूस असू शकतं. फ्रिजचं रबर, इलास्टिक, फोम यांना ओझोन खातो आणि त्यातून नवाच तिखट वास येतो. तुमच्याकडे रात्रभर लावलं होतं, म्हणजे फ्रिजचं गॅस्केट एकदा दाबून पाहा. भुरभुरीत झालं असेल तर बदला. घरात राहूनच काम करायचं असेल तर हायड्रॉक्सिल मशीन आहे, पण ते हळू, सलग तीन-चार दिवस चालवावं लागतं.

शेवटची तपासणी स्वतः करू नका, नाक सरावलेलं असतं. सगळी मशीनं बंद, खिडक्या-दारं बंद, दोन दिवस घर तसंच ठेवा. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन-तीनच्या उन्हात, या घरात आधी कधी न आलेल्या माणसाला आत पाठवा, काहीही न सांगता. त्याने पहिल्या दहा सेकंदांत काय म्हटलं तेवढंच ग्राह्य. कंपनीचे उरलेले पैसे या चाचणीनंतर द्यायचे, असं सुरुवातीलाच लिहून घ्या. ‘एका रात्रीत गॅरंटी’ म्हणणारा, किंवा लादी न पाहता फोनवर दर सांगणारा, दोघांनाही टाळा. दर तीन गोष्टींवर ठरतो: किती लादी उघडावी लागली, कचऱ्याची विल्हेवाट कशी होणार आणि किती दिवस सुकवायला लागणार. अंदाजपत्रकात या तिन्ही ओळी वेगळ्या दिसायला हव्यात.

खालच्यांचं छत सर्वांत शेवटी. वरचा स्लॅब सील होऊन दोन आठवडे गेल्याशिवाय तिथे रंग लावू नका. डागाचा गिलावा पोकळ वाजत असेल तर टाचून काढा, हायपोने पुसा, सुकवा, लाखेच्या किंवा इपॉक्सी प्रायमरचा एक हात आणि मग पुट्टी. थेट डिस्टेंपर मारला तर पहिल्या पावसात पिवळा गोल पुन्हा वर येतो. हा खर्च तुमच्याकडचाच धरा आणि त्यांना तो आधीच सांगून टाका.